‘वय झालं’ एवढ्यावर थांबू नये

रविवारच्या फोनवर चंद्रपूरची आई म्हणते, “जिना चढताना दम लागतो, वय झालं आता.” लंडनमध्ये बसून आम्ही ते मान्य करतो. परंतु दोष नेहमी केवळ वयाचा नसतो.

याच लंडनमध्ये डिसेंबर १९५२ च्या धुरक्याने किमान ४,००० बळी घेतले. त्यांत हृदय व फुप्फुसांचे विकार असलेले वृद्ध बहुसंख्य होते. १९५६ मध्ये येथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्याच वर्षी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. आज त्या शहराच्या कुशीत २,९२० मेगावॅटचे वीजकेंद्र कोळसा जाळते.

अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म कण फुप्फुसांत खोल उतरतात, रक्तवाहिन्यांचा दाह व रक्तदाब वाढवतात. अरुंद धमन्यांत गुठळी होण्याचा धोका बळावतो. अशा कणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. भारताची मर्यादा ४० आहे.

म्हणून पैसे पाठवताना एवढेही विचारू या: रक्तदाब तपासला का? दाट धुरक्यात पहाटे फिरायला जाता का? छातीतले दुखणे अंगावर तर काढत नाही ना? आणि स्वच्छ हवा मागणाऱ्या तेथील बांधवांच्या पाठीशी उभे राहू या. श्वास हाही समतेचाच प्रश्न आहे.