बंब आला, म्हणून गीझर छोटा?

गंगापूर रोडच्या रो-हाउसमध्ये शिफ्ट होताना आजेसासऱ्यांची एकच अट होती. पंचवटीच्या वाड्यातला तांब्याचा बंब बरोबर यायला हवा. आला! मागच्या अंगणात, चिंचेने घासून लखलखीत, एकदम एथनिक लुक. आम्ही दोघांनी लगेच फंडा लढवला: बंब आहेच, मग मोठा गीझर कशाला? घेतला सहा लिटरचा.

डिसेंबरात आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धुराजवळ जायचं नाही, अशी ताकीद मिळाली. आणि तेव्हा कळलं, की घरात बंब पेटवता येणारा माणूस एकच होता. बाहेर कडाक्याची थंडी, नवऱ्याची सातपूरला सातची शिफ्ट, बाथरूमबाहेर चौघांची रांग. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण आठवडाभर गार पाण्याने आंघोळ करत होत्या. हे मला नंतर कळलं.

मग कागद-पेन घेऊन बसले. हिवाळ्यात टाकीतलं पाणी साधारण 20 अंशांचं धरा, आंघोळीला हवं 40. गीझरमध्ये ते 60 पर्यंत तापतं आणि तेवढंच गार पाणी मिसळलं की दुप्पट होतं. म्हणजे सहा लिटरचं झालं 12 लिटर, पाऊण बादलीसुद्धा नाही! 15 लिटरचं दीड बादली, 25 चं अडीच (बादली 20 लिटरची). पण नुसते लिटर बघू नका, बरं का. लिटर पहिल्या दोघांसाठी, पुढच्यांसाठी किलोवॅट. 2 किलोवॅटच्या गीझरला 25 लिटर तापवायला 35 मिनिटं लागतात आणि खर्च होतं सव्वा युनिटच्या आत-बाहेर. एका बादलीला जेमतेम अर्धा युनिट.

आणि बंब? चाळीस लिटरच्या बंबाला 60 अंशांवर न्यायला 1600 किलोकॅलरी लागतात. एक किलो सुक्या लाकडात साधारण 3500 असतात. त्यातली दोन-तृतीयांश चिमणीतून गेली असं धरलं, तरी दीड किलोच्या आत काम होतं. वरून गार पाणी ओतत राहिलं की खालून गरम मिळत राहतं. लोडशेडिंगच्या काळात वाड्याने यावरच दिवस काढले. ताकदीत बंब कुठेच कमी नाही. प्रश्न आहे, साडेपाचला तो पेटवणार कोण?

थंड देशांत घर तापवणाऱ्या बॉयलरच्या जोडीला लाकडाची शेगडी बसवतात, तिथेही हाच घोळ होतो. हिशोब शेगडी विझलेली आहे असं धरूनच करायचा. गीझरही तसाच, बंब वजा न करता.

एका प्लंबरने तर बंब आणि गीझर पाइपने जोडून देतो म्हटलं. अजिबात नको! बंबाला टाकीच्या पाण्याचा दाब सोसत नाही. शिवाय तोंड बंद झालं तर वाफ जाणार कुठे? गीझरला निदान सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आणि आग काही बटणाने बंद होत नाही. रिकामा बंब पेटवणं तर त्याहून वाईट, सांधेच सुटतात.

जानेवारीत 25 लिटरचा आला. आजोबा आता खुर्चीवरून सूचना देतात, रविवारी बंब मी पेटवते. पहिल्या दिवशी अख्खं वर्तमानपत्र जळलं, तरी लाकूड पेटलं नाही. सहा लिटरवाला किचनच्या सिंकवर गेलाय. तेलकट भांड्यांना मस्त आहे.