शिडी की झाड?



आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या शाळेत मी एकदा एक तक्ता टांगला. खाली दगड घेतलेला माणूस, त्याच्यावर तांब्याची हत्यारे, त्याच्यावर लोखंड आणि सगळ्यात वर मोटारगाडी. अगदी शिडीच! शिकवता शिकवता मी बोलून गेलो, "काही लोक अजून खालच्याच पायरीवर आहेत. जंगलातले आदिवासी बघा."

चौथीतला एक गोंड मुलगा उभा राहिला. "गुरुजी, मंग माजा आजा कोनत्या पायरीवर हाय जी?"

मी गप्प! त्या रात्री पुस्तके काढून बसलो.

सजीव फार मोठ्या काळात हळूहळू बदलत गेले, हे डार्विनने १८५९ साली सांगितले. या विचाराने जुन्या वस्तू शोधणाऱ्यांनाही नवी दृष्टी मिळाली. डार्विनचेच शेजारी जॉन लबक यांनी १८६५ साली अश्मयुगाचे जुने आणि नवे असे दोन भाग पाडले. कोणते हत्यार आधीचे, कोणते नंतरचे, हे समजू लागले. फायदा मोठाच झाला.

चूक झाली ती पुढे. अमेरिकेतल्या मॉर्गन यांनी १८७७ साली साऱ्या मानवजातीला रानटी, अर्धरानटी आणि सुसंस्कृत अशा पायऱ्यांवर बसवले. आजचे आदिवासी म्हणजे जुन्या काळातच थांबलेली माणसे, असे लोक समजू लागले. माझ्या तक्त्यातली शिडी ती हीच!

आता आपल्या विदर्भातली गंमत बघा. नागपूरजवळ जुनापाणी आणि माहुरझरी इथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ही मेलेल्या माणसांची स्मारके. दगड म्हणजे अश्मयुग, असेच वाटेल ना? पण डॉ. शां. भा. देव यांनी १९७० नंतर माहुरझरीला उत्खनन केले, तेव्हा लोखंडी हत्यारे निघाली आणि घोड्यांचे तांब्याचे दागिनेही! नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी त्याच माणसांच्या हाती दगड, तांबे आणि लोखंड तिन्ही होते. मग त्यांना कोणत्या पायरीवर बसवणार?

आणि नागपूर शहर वसवणारा राजा बख्त बुलंद शहा कोण होता? गोंडच!

डार्विनच्या त्या पुस्तकात आकृती एकच आहे. ती शिडीची नाही, फांद्या फुटत गेलेल्या झाडासारखी आहे.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता उतरवला आणि वर्गासमोर म्हणालो, "काल माझं चुकलं." फळ्यावर झाड काढायला घेतले, तर तोच मुलगा म्हणाला, "मोहाचं काढा जी!"

मोहाचे झाड काढले. "हा तुझा आजा, हा माझा आजा. दोन फांद्या, झाड एकच. आणि दोन्ही फांद्या आजच्याच."

तुमच्या वर्गात माणसांची शिडी आहे का? असेल तर तुमच्या गुरुजींना, बाईंना विचारा बरं, माझा आजा कोणत्या पायरीवर?