जिहादी संघटनांची परिभाषा : विचार आणि रचना

मराठीतील ‘कायदा’ हा शब्द आणि १९८८ साली पेशावर येथे स्थापन झालेल्या ‘अल्-कायदा’ या संघटनेचे नाव हे मुळात एकच होत. अरबीत बसणे या अर्थाच्या धातूपासून ‘काइदा’ हा शब्द सिद्ध होतो. बैठक, पाया, तळ हे त्याचे अर्थ. ‘पायाभूत नियम’ या लाक्षणिक अर्थाने तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला व विधिनियमाचा वाचक बनला. पेशावरच्या मंडळींना मात्र ‘तळ’ हाच अर्थ अभिप्रेत होता. या संघटनांची परिभाषा अशा आपल्याला अर्धवट ओळखीच्या शब्दांनी भरलेली आहे, आणि ओळख अर्धवट असली की गैरसमज सहज होतो. म्हणून त्यांचा विचार व त्यांची रचना ही परिभाषेच्या अंगाने पाहण्याचे येथे योजिले आहे. शब्दाची व्युत्पत्ती सांगितली म्हणजे चळवळीची उपपत्ती सांगितली असे होत नाही, हे भान अर्थातच ठेवले पाहिजे.

प्रथम ‘जिहाद’ हाच शब्द घेऊ. त्याचा धातू ‘पराकाष्ठेचा प्रयत्न करणे’ या अर्थाचा असून धर्मशास्त्रीय प्रश्नावर स्वतंत्र बुद्धीने निर्णय काढण्याच्या क्रियेस जो ‘इज्तिहाद’ म्हणतात, तोही त्याच धातूपासून निघाला आहे. शास्त्रग्रंथांत युद्ध हा जिहादचा एक प्रमुख अर्थ आहे, हे नाकारण्यात हशील नाही. परंतु आपली वृत्तपत्रे त्यास ‘धर्मयुद्ध’ हा प्रतिशब्द देतात तो सर्वथा अपुरा होय. आपल्या परंपरेत धर्मयुद्ध म्हणजे नियम पाळून केलेले युद्ध. निःशस्त्रावर वार न करणे हे त्याचे लक्षण. नागरिकांची कत्तल करणाऱ्या संघटनेच्या कृत्यास आपण नकळत हे भूषण बहाल करीत असतो!

पारंपरिक शास्त्रात आक्रमक युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यकर्त्याचा, आणि ते कर्तव्य सामुदायिक, म्हणजे काहींनी पार पाडले की इतर त्यातून मुक्त होतात. शत्रू मुसलमानी भूमीवर चालून आला तरच ते वैयक्तिक कर्तव्य ठरते. १९८० च्या दशकात पॅलेस्टिनी विद्वान अब्दुल्ला अझ्झाम यांनी अफगाणिस्तानसंबंधी हाच वैयक्तिक कर्तव्याचा पक्ष मांडला आणि तो जगातील सर्व मुसलमानांस लागू केला. यातून राज्यकर्त्याची संमती अनावश्यक ठरली. कोणत्याही राज्यसत्तेशिवाय उभ्या राहणाऱ्या संघटनेस लागणारी तात्त्विक जागा येथे मोकळी झाली.

दुसरी कळीची संज्ञा ‘हाकिमिय्या’, म्हणजे सार्वभौमत्व. आपले हुकूम, हाकीम, हुकमत हे शब्द याच कुळातले. सार्वभौमत्व केवळ ईश्वराचे, हा सिद्धान्त आधुनिक राज्यशास्त्राच्या भाषेत मांडणारे अबुल आला मौदूदी १९०३ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जन्मले. मौदूदींनी १९४१ साली स्थापिलेली जमात-ए-इस्लामी पुढे पाकिस्तानात निवडणुकांच्या मार्गाने गेली. इजिप्तमधील साहित्यसमीक्षक सय्यद कुत्ब यांनी मात्र ही कल्पना उचलून तिला निराळीच धार दिली. इस्लामपूर्व अज्ञानयुगाची ‘जाहिलिय्या’ ही संज्ञा त्यांनी १९६४ सालच्या ‘मआलिम फी अत्-तरीक’ या पुस्तकात वर्तमानकाळास, एवढेच नव्हे तर मुसलमान समाजांसही लावली. कालवाचक संज्ञेचे हे अवस्थावाचक रूपांतर फार परिणामकारक ठरले. १९६६ साली कुत्ब यांना फाशी देण्यात आले.

मुसलमान म्हणविणाऱ्यास धर्मबाह्य ठरविणे म्हणजे ‘तक्फीर’. या प्रकरणात एका पाठभेदाची हकिकत आहे, ती पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावी. मोंगलांच्या वर्चस्वाखालील मार्दीन शहराविषयी इब्न तैमिय्या (१२६३-१३२८) यांना प्रश्न विचारला गेला, की ही भूमी शांततेची मानावी की युद्धाची? त्यांचे उत्तर असे, की ती दोन्ही नव्हे, संमिश्र आहे. तेथील मुसलमानास त्याच्या योग्यतेनुसार वागवावे, आणि शरियतीबाहेर गेलेल्यासही त्याच्या योग्यतेनुसार ‘वागवावे’. मूळ क्रियापद ‘युआमल’. १९०९ च्या मुद्रित आवृत्तीत दुसऱ्या ठिकाणी ते ‘युकातल’, म्हणजे ‘त्याच्याशी लढावे’, असे छापले गेले. अरबी लिपीत शब्दाच्या मध्ये येणारे ऐन व काफ यांची घडण जवळजवळ सारखी. टिंबांचाच काय तो फरक. पुढील आवृत्त्यांनी हाच पाठ गिरविला. दमास्कसच्या हस्तलिखितात व इब्न मुफ्लिह या शिष्याच्या ग्रंथातील अवतरणात मात्र ‘युआमल’ हेच रूप आहे. मुहम्मद अब्दुस्सलाम फरज यांनी आपल्या ‘अल्-फरीदा अल्-गाइबा’ या पुस्तिकेत भ्रष्ट पाठाचा आधार घेतला, आणि त्यांच्याच गटाने ६ ऑक्टोबर १९८१ रोजी अन्वर सादात यांची हत्या केली. मार्च २०१० मध्ये मार्दीन येथेच भरलेल्या विद्वत्परिषदेने शुद्ध पाठ जाहीर केला. त्याच वर्षी अल्-कायदाच्या इंग्रजी नियतकालिकाने दुसऱ्या अंकात परिषदेवर टीका केली. पाठ शुद्ध केल्याने भूमिका बदलली नाही. कारण निष्कर्ष आधी ठरलेला होता, आधार मागाहून शोधला गेला होता.

आता रचनेकडे वळू. आरंभीच्या अल्-कायदात अमीर, त्याखाली शूरा म्हणजे सल्लागार मंडळ, आणि लष्करी, आर्थिक, धर्मशास्त्रीय व प्रचारविषयक समित्या अशी मांडणी होती. अफगाणिस्तानात हाती लागलेल्या कागदपत्रांत सदस्यांशी करावयाच्या कराराचा मसुदा आढळतो. त्यात विवाहित-अविवाहितांचे वेतन, रजा, प्रवासखर्च यांची कलमे आहेत. एखाद्या सरकारी कचेरीस शोभेल असा हा दस्तऐवज आहे.

या कचेरीस बांधून ठेवणारे सूत्र म्हणजे ‘बैअत’, निष्ठेची शपथ. खरेदीविक्रीच्या ज्या धातूपासून हिंदीतील ‘बयाना’ आला त्याच धातूचा हा शब्द. सौदा पुरा झाल्यावर हातावर हात मारण्याची कल्पना त्यामागे आहे. बैअत व्यक्तीस दिली जाते, संस्थेस नव्हे. त्यामुळे नेता मारला गेला की ती नव्याने घ्यावी लागते. मे २०११ मध्ये बिन लादेन मारला गेल्यावर शाखांनी अयमन अल्-जवाहिरी यास पुन्हा शपथा दिल्या, त्या यामुळेच. येथेच या रचनेचे दौर्बल्यही आहे. एप्रिल २०१३ मध्ये अबू बक्र अल्-बगदादीने सिरियातील शाखा आपल्यात विलीन केल्याचे घोषित केले. जवाहिरीने ते अमान्य केले, तेव्हा कोणाची बैअत कोणास बांधील होती यावर लढाईइतकाच वाद माजला. फेब्रुवारी २०१४ मध्ये संबंध तोडण्यात आले. जूनमध्ये बगदादीने खिलाफत पुकारली आणि दूरदूरच्या गटांस ‘विलाया’, म्हणजे प्रांत, म्हणून नोंदविले. मराठी माणसाच्या ‘विलायते’चे मूळ हेच. खिलाफतीचा शेवटचा भूभाग मार्च २०१९ मध्ये बागूज येथे हातचा गेला. प्रांतांची नावे मात्र कागदावर चालू राहिली.

याच्या उलट मत अबू मुसअब अस्-सूरी याचे. २००१ नंतर तळ नष्ट झालेले पाहून त्याने ‘निजाम, ला तन्जीम’ हे सूत्र मांडले. दोन्ही शब्द एकाच धातूचे. पहिल्याचा अर्थ व्यवस्था, दुसऱ्याचा संघटना. हैदराबादच्या पदवीमुळे आपल्या कानाला परिचित झालेल्या ‘निजाम’ शब्दास येथे पद्धती एवढाच अर्थ आहे. परस्परांस अपरिचित अशा व्यक्तींनी समान विचारावर स्वतंत्रपणे हल्ले करावेत, म्हणजे एक पकडला गेला तरी साखळी उलगडत नाही, असा हा विचार. त्याचा तोटा असा, की ज्यास शपथच नाही त्यास आज्ञाही करता येत नाही.

अबोटाबादच्या घरात सापडलेल्या कागदांत संघटनेचे नाव बदलण्याविषयी एक टिपण आहे. ‘कायदतुल जिहाद’ या नावाचे लोकांनी नुसते ‘अल्-कायदा’ केले, त्यामुळे त्यातील धार्मिक अर्थ लोपला आणि आपले युद्ध इस्लामशी नाही असे म्हणणे शत्रूस सोपे गेले, अशी तक्रार त्यात असून पर्यायी नावांची यादी जोडली आहे. त्यांपैकी कोणतेही नाव प्रचारात आले नाही.