डेटाबेसाच्या क्लस्टरसाठी सर्व्हरांची निवड

ज्या पेढ्यांची रोजकीर्द व खतावणी आज संगणकावर आहे, त्यांपैकी अनेकांचा सारा हिशेब एकाच सर्व्हरवर असतो. तो बंद पडला की भरलेला ट्रक पावतीवाचून दारात उभा राहतो. यावर उपाय एकच. तो म्हणजे तोच डेटाबेस अनेक सर्व्हरांवर एकाच वेळी ठेवणे. अशा समूहास क्लस्टर म्हणतात. त्याची यंत्रे कशी निवडावीत, याचा विचार आम्ही येथे करीत आहो.

प्रथम संख्या. २ सर्व्हर पुरेसे आहेत असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु त्यांमधील तार तुटल्यास दुसरा बंद पडला असे समजून दोघेही स्वतंत्रपणे नोंदी करू लागतील, आणि एका पेढीच्या दोन खतावण्या होतील. म्हणून बहुमताचा नियम आहे. ३ पैकी १ अथवा ५ पैकी २ बंद पडले तरी काम चालते. ४ घेण्यात मात्र अधिक लाभ नाही. कारण बहुमतास ३ लागतात.

दुसरी गोष्ट जुळणीची. प्रमुख सर्व्हर पडताच सर्व भार दुय्यमावर येतो. सबब प्रोसेसर, मेमरी व डिस्क समतोल असावीत. पोस्टग्रेस डेटाबेसात इ. स. २०११ पासून अशी सोय आहे की, दुय्यमाची पोच आल्यावाचून नोंद पक्की होत नाही. तेथे दुय्यमाची डिस्क मंद असेल तर सारी पेढीच मंदावते. शिवाय यंत्ररचना एकाच जातीची व डेटाबेसाची मुख्य आवृत्ती एकच हवी.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. मेमरी एका बिटाची चूक स्वतः सुधारणारी, म्हणजे ईसीसी असावी. डिस्क वीज गेल्यावरही हातातील नोंद पुरी करणारी असावी. प्रत्येक सर्व्हरास दोन वीजपुरवठे असून ते दोन निराळ्या यूपीएसना जोडावेत. नेटवर्कचे स्विचही दोन असावेत. सर्व सर्व्हर एकाच तारेवर लटकत असतील तर तिघांचा खर्च व्यर्थ होय.

क्लस्टर म्हणजे जतन केलेली प्रत नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. चुकून पुसलेली नोंद क्षणार्धात तिन्ही ठिकाणी पुसली जाते. रोजची प्रत अन्यत्र ठेवलीच पाहिजे.

पोत्यात नळी खुपसून नमुना पाहिल्यावाचून आपण धान्याचा सौदा करीत नाही. येथेही, नोंदी चालू असता प्रमुख सर्व्हरची वीज विक्रेत्याकडून तोडवावी आणि पोच मिळालेली प्रत्येक नोंद दुय्यमावर आहे की नाही, हे स्वतः पडताळावे. मगच रक्कम चुकती करावी.