तळहातावरची काठी

तळहातावर काठी उभी तोलून पाहा. ती कलते तिकडे तुम्ही हात सरकवता, म्हणून ती पडत नाही. चूक टिपून लगेच सुधारायची, यालाच नियंत्रण म्हणतात. पण हाच खेळ बोरीवली लोकलमध्ये केला तर? धक्का केव्हा आणि किती बसेल, कोणास ठाऊक! यंत्रमानवाचीही हीच अडचण असते. उचललेल्या ओझ्याचे वजन त्याला नेमके ठाऊक नसते.

पवईच्या आय. आय. टी.चे १९७७ सालचे पदवीधर प्रमोद खरगोणेकर यांनी अमेरिकेत हाच प्रश्न अभ्यासला. धक्क्याचा परिणाम, तो वाईटात वाईट असला तरी, ठरावीक मर्यादेत ठेवणारा नियंत्रक कसा शोधावा, हे त्यांनी डॉईल, ग्लोव्हर व फ्रान्सिस यांच्यासह १९८९ साली दाखवले. त्यासाठी दोन समीकरणे सोडवावी लागतात. तसा नियंत्रक अशक्य असेल, तर तेही त्यांवरून आधीच कळते!