पत्ता बदलण्यापूर्वी...

शहरात घर बदलणे आता नवलाचे राहिलेले नाही. चाळी, वाडे आणि जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाच्या वाटेला लागल्या आहेत. मुंबईच्या बीडीडी चाळी हे याचे ठळक उदाहरण. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे त्या उभ्या राहिल्या. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तिथे तीन-तीन पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. सामाईक संडासांचा जाच संपला, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण पाडलेल्या वास्तूबरोबर एक नकाशाही पुसला जातो. अल्बममध्ये लग्ने असतात, बारशी असतात. चाळीची गॅलरी मात्र दिसते ती नवरीच्या मागे, अर्धवट आणि धूसर. तिथे कोण बसत असे, जिन्याची कोणती पायरी मोडकी होती, हे कोणत्याही कागदावर नसते. ते टिकवण्याचा एक साधा आणि स्वस्त उपाय म्हणजे जागांच्या आठवणींचे स्वहस्ते बांधलेले पुस्तक.

अशा हस्तलिखिताचे मोल मराठीला नवीन नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून अनुभवला. पुढे कित्येक वर्षांनी ते सारे त्यांनी मोडीत लिहून काढले. १९०७ साली ते ‘माझा प्रवास’ या नावाने छापले गेले आणि एका भिक्षुकाच्या खासगी आठवणी इतिहासाचे साधन ठरल्या.

कालक्रम नव्हे, जागांचा क्रम

बहुतेक जण आठवणी लिहायला बसतात ते जन्मापासून, आणि चार पानांत थांबतात. कारण आठवण तारखेला क्वचितच चिकटते, जागेला मात्र घट्ट चिकटते. जागेची जाण आणि स्मृती या दोन्हींत मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. ठरावीक जागी असतानाच सक्रिय होणाऱ्या तिथल्या पेशींच्या शोधासाठी जॉन ओकीफ यांना २०१४ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणून पुस्तकाचा क्रमही चालण्याचा असावा : नाका, फाटक, जिना, गॅलरी, खोली, मोरी, गच्ची. प्रत्येक जागेला दोन ते चार पाने पुरतात.

पहिल्या पानावर स्मरणाने काढलेला नकाशा हवा. तो मोजमापाने चुकीचा असला तरी बिघडत नाही. लहानपणी लांब वाटलेली गॅलरी लांबच काढावी. पुढे प्रत्येक जागेसाठी तिचे घरगुती नाव, तिथला आवाज, वास, तिथे नेहमी दिसणारी माणसे आणि तिथे घडलेला एक प्रसंग नोंदवावा. ‘फार मजा यायची’ असे लिहिण्यापेक्षा ‘पाणी पहाटे साडेचारला यायचे’ हे वाक्य अधिक सांगते.

घरातील वडीलधाऱ्यांना ‘आठवणी सांगा’ म्हटले की ते गप्प होतात. ‘गहू कुठे निवडायचात?’, ‘पाहुणे आले की मुले कुठे झोपायची?’ असे विचारले की बोलणे थांबत नाही. शक्य असल्यास त्यांना त्या जागी उभे करून विचारावे. दोन भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही शेजारी-शेजारी लिहाव्यात. भांडणे, हलाखी, नळावरची धुसफुस यांनाही जागा असावी. मात्र शेजाऱ्यांच्या खासगी गोष्टी त्यांच्या संमतीवाचून घालू नयेत.

कागद, दोरा आणि खळ

कागद शक्यतो हातकागद घ्यावा. पुण्याची हातकागद संस्था १९४०पासून या क्षेत्रात ओळखली जाते. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद वर्तमानपत्री कागदासारखा लवकर पिवळा पडत नाही. शिवाय यंत्राच्या कागदात तंतू एका दिशेने असतात. घडी त्या दिशेने नसेल तर पाने ताठ राहतात. हातकागदात ही अडचण फारशी येत नाही.

चार कागद एकत्र दुमडले की सोळा पानांचे एक जुज होते. अशी सहा जुजे म्हणजे ९६ पाने. प्रत्येक जुजाच्या घडीवर समान अंतराने पाच भोके टोच्याने पाडावीत आणि मेण लावलेल्या सुती दोऱ्याने जुजे एकमेकांना शिवावीत. छायाचित्रे चिकटवली की पुस्तक फुगते आणि तोंड उघडे राहते. त्यासाठी प्रत्येक जुजात शिवणीपाशी दोन बोटे रुंदीच्या एक-दोन पट्ट्या शिवून घ्याव्यात. फोटोंच्या जाडीची भरपाई त्या करतात.

शिवलेल्या पाठीवर खळ लावून मलमलीची पट्टी चिकटवावी आणि रात्रभर वजनाखाली ठेवावे. पुठ्ठे पानांपेक्षा तीन बाजूंनी तीन मिलिमीटर मोठे कापावेत. वर आजीच्या लुगड्याचे जुनेर किंवा खणाचा तुकडा शोभतो; फक्त आधी त्याला मागून पातळ कागद चिकटवावा, नाहीतर खळ कापडातून वर उमटते. पावसाळ्यात खळ नीट वाळत नाही आणि बुरशी धरते, म्हणून बांधणीचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावे.

लिहिण्यासाठी काळी पिगमेंट शाई वापरावी. काजळाच्या शाईने लिहिलेल्या पोथ्या शतकांनंतरही वाचता येतात, उलट अनेक रंगीत शाया उजेडात फिकटतात. सेलोटेप टाळावी, ती पिवळी पडते आणि डाग सोडते. फोटोंना कागदी कोपरे लावावेत. हल्लीच्या यंत्रातून निघणाऱ्या बस-तिकिटांवरील अक्षरे कालांतराने उडतात, म्हणून त्यांची झेरॉक्स लावावी. प्रत्येक फोटोखाली पूर्ण नावे आणि ठिकाण लिहावे. ‘काकू’ एवढेच लिहिले, तर नातवंडांना ती कोणाची काकू हे कळणार नाही.

पुस्तक पूर्ण झाल्यावर त्याची पाने स्कॅन करून भावंडांना पाठवावीत. शेवटचे जुज मात्र कोरे सोडावे. जुने शेजारी कधी नव्या घरी आले, की चहा होईपर्यंत ते पुस्तक आणि पेन त्यांच्या हाती द्यावे.