दांडा कुठे धरायचा

विद्यार्थ्यांनी बनवलेल्या, लोकांच्या खरोखर उपयोगी पडलेल्या यंत्रांवर लिही, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा नावं भराभर सुचली. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘जयपूर फूट’च्या संस्थेसाठी केलेला कृत्रिम गुडघा होता, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी ‘एम्ब्रेस’ ही पिशवी होती. पण एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या एका व्हीलचेअरचे दोन दांडे पाहिले आणि मी तिथेच अडकले.

तिचं नाव ‘लेव्हरेज्ड फ्रीडम चेअर’. एमॉस विंटर हा मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी २००५ मध्ये टांझानियाला गेला होता, तिथे व्हीलचेअरवरचे लोक वावरतात कसे ते पाहायला. परतल्यावर त्याने एमआयटीत विद्यार्थ्यांना जमवून हे काम उभं केलं. त्याची स्वतःची पीएच.डी. समुद्रतळाच्या वाळूत शिरणाऱ्या शिंपल्यावरून सुचलेल्या यंत्रावर होती. खुर्चीचा उद्योग त्याच्या जोडीनेच चालला होता.

अडचण आपल्याला अनोळखी नाही. दवाखान्यातली व्हीलचेअर फरशीवर सुरेख चालते. खडीत, चिखलात, चढावर तिचं चाक ढकलताना खांदे भरून येतात. हाताने पेडल मारायची तीनचाकी रस्त्यावर चांगली, पण ती घराच्या दारातून आत येत नाही. म्हणजे माणसाने रस्ता निवडायचा नाहीतर घर.

चढ चढायचा तर गिअर हवेत. गिअरची यंत्रणा महाग असते, बिघडते, आणि खेड्यात तिचे सुटे भाग मिळत नाहीत. या मुलांनी गिअर बदलायचं काम थेट हातांवर सोपवलं. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना एकेक उभा दांडा. तो पुढे ढकलला की साखळी ओढली जाते आणि चाक फिरतं. मागे आणताना सायकलीत असतं तेच फ्रीव्हील मोकळं सुटतं. दांडा वरच्या टोकाला धरला तर जोर वाढतो आणि वेग कमी होतो, म्हणजे चढाला आणि चिखलाला तो तसा धरायचा. सपाट रस्त्यावर हात खाली सरकवायचा. तेवढ्याच हालचालीत चाक जास्त फिरतं. न सुटणाऱ्या नटसाठी गॅरेजवाला पान्याला लांब पाइप जोडतो, तेच हे तत्त्व. दांडा पूर्ण मागे ओढला की ब्रेक लागतो. घरात शिरताना दोन्ही दांडे काढून खुर्चीवरच अडकवून ठेवायचे आणि चाकं नेहमीसारखी हातांनी फिरवायची. पुढे एक तिसरं चाक आहे, त्यामुळे खड्ड्यात खुर्ची सहज कलंडत नाही. फिरणारे सगळे भाग सायकलचे असल्यामुळे गावातला सायकलवाला ते दुरुस्त करू शकतो. यंत्र इतकं साधं ठेवून त्यातली सगळी हुशारी माणसाच्या मनगटाकडे देणं, याचं मला फार कौतुक वाटतं.

पूर्व आफ्रिकेतल्या चाचणीत पहिला नमुना बाहेर उत्तम चालला आणि घरात नापास झाला. वजन जवळपास ३० किलो, आणि रुंदीही जास्त. हे मुलांना प्रयोगशाळेने सांगितलं नाही, रोज खुर्चीवर बसणाऱ्यांनी सांगितलं. ग्वाटेमालाच्या चाचणीपर्यंत सुमारे ९ किलो वजन उतरलं, रुंदी साध्या व्हीलचेअरइतकी झाली. मग ‘जयपूर फूट’च्या संस्थेबरोबर भारतात चाचणी झाली. साध्या व्हीलचेअरच्या तुलनेत वेग ७५ ते ८० टक्के जास्त, जोर सुमारे ५० टक्के जास्त.

खरी अवघड वाट इथून पुढे सुरू होते. खुर्चीची किंमत २०० डॉलरच्या आसपास राहावी, हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं. पण आपल्याकडे खुर्ची वापरणारा माणूस ती स्वतः विकत घेतो असं क्वचितच होतं. ती शिबिरात मिळते, सरकारी योजनेतून किंवा दात्याकडून. पैसे देणाऱ्याला किंमत आणि वाटपाचा आकडा दिसतो. तिच्यावर बसून रोज शेतापर्यंत जाणाऱ्याचा खांदा त्याला दिसत नाही. या गटातल्यांनी पुढे ‘ग्रिट’ नावाची कंपनी काढली आणि अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी वेगळी, बरीच महाग खुर्ची बाजारात आणली. त्यांना मी दोष देणार नाही, कंपनी जगवावी लागते. तरी टांझानियातल्या रस्त्यासाठी सुचलेला दांडा तिथल्या माणसापर्यंत किती पोचेल, ही काळजी मनातून जात नाही.

आणि आपली कॉलेजं? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सत्राबरोबर संपतो. सोनेरी अक्षरांचा बांधीव अहवाल जमा होतो, तोंडी परीक्षा होते, नमुना कपाटावर धूळ खातो. तयार प्रकल्प विकत देणारी दुकानंही आहेत. ‘फ्रीडम चेअर’ला मात्र वर्षं लागली, तीन खंडांतल्या माणसांच्या तक्रारी लागल्या. विंटर पुढे एमआयटीतच प्राध्यापक झाले. त्यांच्या गटाने जळगावच्या जैन इरिगेशनबरोबर कमी दाबावर चालणाऱ्या ठिबकच्या ड्रिपरवर काम केलं. या वेळी माल बनवणारा कारखाना सोबत होता, आणि शेतकऱ्यापर्यंत जायची त्याची वाट आधीच मळलेली होती.

आपल्या विद्यापीठांकडे माझी मागणी आहे. नमुना वापरून पाहणाऱ्यांच्या तक्रारींची यादी अहवालाला जोडायला लावा, तिला मार्क द्या, आणि तीच यादी हातात घेऊन पुढच्या तुकडीला तोच प्रकल्प पुढे नेऊ द्या. आज बऱ्याच ठिकाणी ‘हा विषय गेल्या वर्षी झाला’ एवढ्याच कारणावरून तो नाकारला जातो.